चाचांची जागा

पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मधेच थांबायचं आणि म्हणायचं, "अजून भीती वाटते, वहिनी." गॅस वेल्डिंगला येणारे आमचे चाचा असे.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट सांगते. कामतघरला सुताला खळ लावायचा कारखाना होता, साइझिंग म्हणतात त्याला. आमचे हे तिथे खळ शिजवायचे आणि मी दुपारी डबा घेऊन जायची.

खळीची टाकी पातळ पत्र्याची. तळ गंजला की चाचा नवा तुकडा बसवायचे. पण आधी कडा! दोन्ही कडा नखाएवढ्या वर मुडपायच्या, कानशीने घासायच्या आणि अशा भिडवायच्या की मधून केस जाऊ नये. मगच त्या वितळवून सांधा करायचा. शेठ ओरडायचा, "चाचा, टाकी जोडताय की पोरीचं लग्न?"

"लग्न मोडलं तर माणूस भाजत नाही, शेठ."

हसू यायचं हो. पण दुरुस्तीनंतर टाकी पहिल्यांदा भरताना कोणी हसत नसे. उकळती खळ अंगाला चिकटली की कातडीसकट निघते. चाचा सगळ्यांना मागे सारायचे आणि स्वतः सांध्यासमोर उभे राहायचे. "सांधा माझा, जागा माझी." मी डबा छातीशी धरून दारात. टाकी भरली, सांधा टिकला, की मला हाताने बोलवायचे, "या, नवरा शाबूत हाय तुमचा."

एकदा मात्र फसले. वाळलेली खळ अशी चकाकते, की घासलेला पत्राच वाटावा. कडेच्या आतल्या अंगाला तिचा पापुद्रा राहून गेला आणि तिथे सांधा कच्चा राहिला. टाकी भरताना हे वाकून बघायला पुढे झाले. चाचांनी त्यांना कोपराने ढकललं, तेवढ्यात सांध्यातून पिचकारी सुटली ती चाचांच्याच हातावर. एवढंच म्हणाले, "आज भीती वाटली नव्हती, वहिनी. तिथंच चुकलं."

हात बरा झाला, पण बोटं मिटेनात. चाचा खाडीकडच्या आपल्या गावी निघून गेले.

पुढच्या वेळी धामणकर नाक्यावरून दुसरा वेल्डर आणला. झटपट काम उरकून तो गेलासुद्धा. मी पोचले तेव्हा खळ उकळत होती, टाकी भरायची बाकी होती आणि सांध्यासमोरची जागा रिकामी.

"अहो, तुम्ही नका," म्हणेपर्यंत ह्यांनी बाकीच्यांना मागे सारलं. सांध्यावरून अंगठा फिरवला आणि चाचांच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

टाकी भरली. सांधा टिकला. पण ह्यांची नजर त्या सांध्यावरून हलेना, आणि मला 'या' म्हणणारं कोणी नव्हतं. डबा धरून मी दारातच उभी.