इमानदादा आणि टाकीचं झाकण

माझा थोरला भाऊ पानावर बसला की आधी हात हुंगायचा. पेट्रोलचा वास आला की ताट तसंच ठेवून उठायचा. कुठेतरी सांधा पाझरतोय, म्हणायचा. आई म्हणे, या मुलाला भुकेपेक्षा वासच लवकर लागतो.

लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधली फिटरची नोकरी सांभाळून त्याने मळवलीला शंकरआबांच्या गोठ्यात एका माणसापुरतं विमान बांधलं. लाकूड, कापड आणि कुठून कुठून जमवलेलं इंजिन. गावात विमानाला 'इमान' म्हणत, म्हणून हा इमानदादा. त्याला ते नाव फार आवडे. म्हणायचा, "बरोबरच आहे. वर गेल्यावर यंत्राचं इमान, दुसरं कोण असतं सोबतीला?"

सगळ्यात जास्त दिवस त्याने घालवले ते पेट्रोल वाहतं का हे बघण्यात. विमानाची शेपटी खड्ड्यात उतरवून तोंड आभाळाकडे करायचा, कारण चढताना टाकी तशीच कलणार. मग इंजिनाजवळची नळी सोडून खाली डबा लावायचा आणि घड्याळ धरून धार मोजायचा. आबा हळहळत, "लय सांडतंय की, इमानदादा. झालं न्हवं आता?" त्यावर याचं एकच उत्तर. "झालं म्हणू नका आबा, बघितलं म्हणा." कुणाचा नुसता हात लागला तरी पुन्हा डबा लावायचा. आम्ही त्याची चिकार थट्टा केली.

टाकीच्या पितळी झाकणाला बारीक भोक होतं. मी शाळेत शिकवणारी, म्हणून दादाने मला विचारलं, हे कशाला? मला सांगता येईना. "रॉकेलच्या डब्याला तू दोन भोकं का पाडतेस?" तो हसून म्हणाला. एकातून वारा आत जातो, तेव्हा दुसऱ्यातून तेल येतं. घरात रोज करत होते, आणि कळलं नव्हतं.

भात निघाल्यावर एका सकाळी आबांच्या माळावरून तो उडणार होता. थंडी कडाक्याची होती. त्याने पहाटेच धार मोजून घेतली होती. मग मी पूजा केली. हळद वाहिली, नारळ फोडला, तुपात कालवलेलं कुंकू पंख्याला लावलं, चाकांना लावलं. पितळ उन्हात चकाकत होतं, म्हणून झाकणालाही बोटभर लावलं. दादा सवयीने डबा उचलायला वाकला, तर मीच म्हणाले, "पूजा झाल्यावर कसली परीक्षा घेतोस? देवावर विश्वास नाही का?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

विमान आंब्याच्या शेंड्यावरून गेलं. सगळा गाव ओरडत होता, मीही. मग इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

तो दोन दिवस जगला. जो भेटेल त्याला सांगत होता, नळीत कचरा अडकला, मीच पेट्रोल नीट गाळलं नाही. वडिलांना सांगितलं, शेडमधल्या साहेबाला सांगितलं, मला तर हात धरून दोनदा सांगितलं. मी विश्वास ठेवला. तेराव्याला तर मी त्याच्या निष्काळजीपणावर चिडलेसुद्धा होते.

त्याच दिवशी आबा आले. धोतराच्या सोग्यात बांधून झाकण आणलं होतं. "ताई, हे तुमाला ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आमी पळत गेलो तर उचलू दीना. आदी हे झाकन मागून घेतलं. भोकात थिजल्यालं कुकू व्हतं, ते काडीनं काडलं, बाहीनं पुसलं. मंग म्हनला, आता उचला."

आबांना त्यातलं काही कळलं नव्हतं. मला रॉकेलचा डबा आठवला.

सांध्यातला थेंबभर पाझर ज्याला खपत नसे, तो माणूस दोन दिवस सगळ्यांशी खोटं बोलला, फक्त माझ्यासाठी. खंडेनवमीला मी अजून ते झाकण देव्हाऱ्यात ठेवते. फूल वाहते, पण कुंकू लावत नाही. आधी उजेडाकडे धरून भोकातून पलीकडचं दिसतं का, ते बघून घेते.