काकांचं कुलूप

कुठल्याही डब्याला कुठलंही झाकण बसलंच पाहिजे, या एका मागणीसाठी आयुष्य वाहिलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो नेमका अर्विंगमध्ये आमच्या मागच्या कुंपणाला लागून राहतो. त्यांना सगळे नुसते काका म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, खांद्याला झोळी, आणि झोळीत सात प्रकारच्या चार्जिंगच्या वायरी. मी इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत असते तेव्हा काका स्टीलच्या डब्यांपाशी उभे राहून एका कंपनीचं झाकण दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर दाबून बघत असतात. बसलं तर डब्यालाच "शाब्बास!" म्हणतात. नाही बसलं तर दुकानदाराला बोलावतात. दुकानदार सोशिक आहे, पण काका आत शिरताना दिसले की हल्ली तो फ्रोझन पराठ्यांमागे जाऊन उभा राहतो.

आम्ही हौसेने कॉफीचं यंत्र घेतलं, तेव्हा काकांना मुद्दाम बोलावलं. त्यात त्याच कंपनीच्या कॅप्सूल लागतात हे कळताच त्यांनी कप खाली ठेवला. "आणि उद्या त्यांनी कॅप्सूल बनवणं बंद केलं, तर यात काय कढीपत्ता लावणार?" माझा नवरा दुखावला. "काका, पण कॉफी चांगली आहे हो!" "कॉफीला मी कुठे नावं ठेवली?" काका म्हणाले आणि घरी जाऊन आल्याचा चहा प्यायले. वर्षभरात त्या कॅप्सूल खरोखरच बंद झाल्या. यंत्राच्या पाण्याच्या टाकीत आमचा कढीपत्ता आता छान फुटलाय, आणि काका आले की आम्ही दोघं त्याला झाकून उभे राहतो.

आमच्या मंडळाच्या गणपती अंकाचं संपादन माझ्याकडे आहे. मी समितीला काहीही पाठवलं की पाच मिनिटांत काकांचं उत्तर येतं, 'उघडत नाही.' पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने फोन केला. "काका, डबल क्लिक केलंत का?" "माझ्याकडे उघडतं गं. ज्याच्याकडे तो विकतचा प्रोग्राम नाही, त्याच्या वतीने सांगतोय, उघडत नाही." मग अर्धा तास प्रवचन. फाईल कशी वाचायची याचे नियम चारचौघांत मांडून ठेवले, तर कुणीही ती वाचणारा प्रोग्राम बनवू शकतो. नियम एकाच कंपनीच्या तिजोरीत असतील, तर "तुझा लेख तुझा नाही गं. तू तो त्यांच्या घरात ठेवलायस, आणि किल्लीही त्यांच्याकडेच." सगळ्या फोनना चार्जिंगची एकच पिन चालणार असं ठरलं, तेव्हा या माणसाने मंडळात पेढे वाटले. लोकांना वाटलं मुलीकडे गोड बातमी आहे. तीन दिवस अभिनंदनाचे फोन घेऊन ती बिचारी कंटाळली आणि शेवटी तिने ग्रुपवर लिहिलं, 'आय ॲम नॉट प्रेग्नंट. इट्स अ चार्जर.'

अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी पुन्हा 'उघडत नाही' आलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. तडक कुंपणापाशी गेले आणि विचारलं, "काका, या कंपन्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

काका झाडांना पाणी घालत होते. नळी तशीच धरून म्हणाले, "अगं, मीच ती कंपनी."

तरुणपणी पुण्यात दोन खोल्यांत त्यांनी मराठी टायपिंगचा प्रोग्राम काढला होता. त्यातली फाईल दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामला वाचता येऊ नये, म्हणून त्यांनी अक्षरांच्या जागा स्वतःच्या डोक्याने उलटसुलट केल्या. शिवाय कॉम्प्युटरच्या मागे लावायची अंगठ्याएवढी किल्ली, ती नसेल तर प्रोग्राम सुरूच होणार नाही. एकदा आत आलेलं गिऱ्हाईक बाहेर जाता कामा नये, हा हिशेब. पुढे धंदा बसला, काका अमेरिकेत आले. किल्ली सामान हलवताना हरवली, कुठलं अक्षर कुठे हलवलं ते लिहिलेल्या वह्या रद्दीत गेल्या. पण त्या प्रोग्रामचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काकू. पुण्यात असेपर्यंत रोज एक पान त्यांनी त्यात लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. पानं सगळी आहेत, पण उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं.

"तुम्हीच बनवलेलं ना ते?" मी म्हटलं.

"तेव्हाचा मी फार हुशार होतो गं. काय केलं होतं, ते आताच्या मला आठवत नाही." नळीचं पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. इतकी वर्षं त्यांची केलेली थट्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या गणपतीला प्रसादाचं सामान आणायचं काम काकांकडे होतं. मी यादी लिहून कुंपणावरून दिली. ती हातात घेऊन काकांनी वरच्या टोकाला बोट ठेवलं.

"हे वर काय लिहिलंयस?"

"श्री. आईची सवय. कागदाला पेन लावलं की आधी श्री, मग बाकीचं."

"तुझ्या काकूचीही," काका म्हणाले. "डोकेदुखीच्या गोळ्या आणायच्या चिठ्ठीवरसुद्धा श्री!" आणि यादी घेऊन जे आत गेले, ते गेलेच. नारळ शेवटी मला आणावे लागले.

प्रत्येक पानाच्या सुरुवातीची ती विचित्र अक्षरं म्हणजे श्री, हे त्यांना कळलं होतं. रोजचं पान, म्हणजे श्रीनंतर वार असणार, आणि वार सातच. तिथून एकेक अक्षर सोडवत ते पाच आठवडे घरात बसले. दुकानदाराने मला दोनदा विचारलं, "काका ठीक हैं ना?" डब्यांपाशी कुणी दिसत नाही म्हणून त्याला करमत नव्हतं.

मग एका दुपारी काका स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात एकच कागद. "तू वाच," म्हणाले. मी वाचलं.

'श्री. गुरुवार. आज यांचं कुलूप पुरं झालं. म्हणतात, आता हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही. घरभर नाचत होते. मला काही कळलं नाही, पण इतके खूश मी यांना कधी पाहिले नव्हते. शिरा केला.'

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. काका चष्मा पुसत होते. "मला तो शिरा आठवतच नाही गं," ते म्हणाले. "कुलूप तेवढं आठवतं." मग खिशातून एक पेनड्राइव्ह काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. "सगळी पानं आहेत. साधा मजकूर, कुठेही उघडेल. एक प्रत तुझ्याकडेही असू दे."

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी शिरा केला आणि गरम गरम डब्यात भरून दिला. झाकण घाईत भलत्याच डब्याचं उचललं गेलं. काकांनी एका बाजूने दाबलं, दुसऱ्या बाजूने दाबलं, ते काही बसेना. आता मला काय ऐकावं लागणार, या तयारीत मी उभी होते. काकांनी झाकण ओट्यावर ठेवलं आणि "असू दे," म्हणून डब्यावर हात धरून ते सावकाश घरी गेले.