डब्यातली दोन बिस्किटं

शेजारच्या मावशी नसत्या तर यंदा माझी चूल पेटली नसती. शिरूर कासारात माझं रक्ताचं कुणी नाही. माहेर पार गोंदियाकडं, नवरा वारलेला, शाळा सातवीतच सुटलेली. लग्नाच्या पोळ्या लाटायला बोलावणं आलं की तीन वर्षांची लेक कुणाकडं ठेवू, हाच घोर. मावशींचे लेक-सून ऊसतोडीला गेलेले, चार नातवंडं त्यांच्यापाशी. म्हणाल्या, "चारात पाचवं कळत बी न्हाई. ठिव."

पैसे घेईनात. मी लेकीच्या डब्यात नुसती दोन बिस्किटं द्यायचे. एकदा संध्याकाळी बिस्किटं डब्यात तशीच परत आली. माझ्या मनात पाप शिरलं. दारातच बोलून गेले, "मावशी, लेकरू दिवसभर उपाशी ठेवलं का काय?"

"दूध-भाकर खाल्ली की पोटभर," त्या म्हणाल्या. "एकीनं बिस्कीट खायाचं अन् चौघांनी तिच्या तोंडाकडं बघायचं, ते मला बघवत न्हाई, बाई."

माफी मागायला माझी जीभ उचलली नाही. आठवड्यात तिकडं सून बाळंत झाली आणि मावशी नातवंडांना घेऊन कारखान्यावर गेल्या. चौघांची शाळा बुडाली. माझी लेक रोज त्यांच्या कुलपाला हात लावते आणि विचारते, "आजी कावून येईना?"

मावशी, एक ना एक दिवस मी तुमची चारही नातवंडं सांभाळीन, सगळ्यांना एकाच ताटात जेवू घालीन.