डोक्यातली छत्री

महिनाभर डोकं ठणकत होतं म्हणून एमआरआय काढला, तर रिपोर्टात मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची रचना ‘अॅबनॉर्मल’ निघाली. रिपोर्ट मिळाला शुक्रवारी, न्यूरोसर्जनची वेळ सोमवारची. मधल्या काळात मोबाइलवर वाचून मी एवढंच शिकलो, की मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता होतो आणि तो कधीकधी फुटतो. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, पुढचं वाचायचा धीर झाला नाही. मग मी डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा घरात वावरू लागलो. शिंक आली की नाक दाबून धरायचो. त्याने दाब उलट वाढतो, हे ज्ञान नंतरचं.

पण मला खरं घाबरवलं ते बायकोने. तिने टोमणे मारणं बंद केलं. पोह्यांत मीठ कमी आहे म्हटलं की एरवी ‘उद्यापासून आपणच करा’ असं उत्तर यायचं. शनिवारी ती म्हणाली, कमीच पडलंय हो. रविवारी मी मुद्दाम कुरापत काढली. तिचा भाऊ वाघोलीत फ्लॅट घेऊन फसला, असं म्हणालो. “असेल तुमचं बरोबर,” ती म्हणाली. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात मृत्युपत्राचा मसुदा सुरू केला.

सोमवारी डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. धोक्याच्या गुंत्यात धमनीतलं जोरकस रक्त थेट पातळ शिरेत घुसतं, म्हणून ती फुटू शकते. माझ्यात तसं काही नव्हतं. बारीक शिरा छत्रीच्या काड्यांसारख्या एका मोठ्या शिरेला येऊन मिळत होत्या, इतकंच. आजूबाजूला दुसरा काही दोषही नव्हता.

“मग ती काढून टाकायची का?” बायकोने विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

“मुळीच नाही. त्या भागातलं रक्त तिथूनच तर बाहेर जातं. जन्मतःच तशी रचना आहे, तिला हात लावायचा नाही.”

डोकेदुखीचा आणि छत्रीचा संबंधच नव्हता. आधी चष्म्याचा नंबर तपासा, म्हणाले. नंबर चांगलाच बदलला होता. जुन्याच चष्म्याने मी हट्टाने मोबाइल वाचत होतो, त्यात गेले तीन दिवस तर जास्तच.

नवा चष्मा घ्यायला बुधवार पेठेकडे जाताना रिक्षात ती बाहेरच बघत होती. मधूनच ओढणीने डोळे टिपायची आणि धुराला नावं ठेवायची. मीही धुराला दुजोरा दिला.

दुकानात मी एक फ्रेम चढवली आणि कशी दिसते म्हणून विचारलं. तिने मला नीट न्याहाळलं.

“फ्रेम चांगली आहे. खालच्या चेहऱ्याचं काय करणार? जन्मतःच्या रचनेला हात लावायचा नाही म्हणालेत डॉक्टर.”

दुकानदार खाली मान घालून हसला. मला इतकं हलकं वाटलं, की मी तीच फ्रेम घेतली.