दोन वाजताची पहाट

संगणकाला वेळ कळते ती एका लांबलचक आकड्याच्या रूपात. कुठल्याशा जुन्या क्षणापासून मोजत आलेले सेकंद, बस्स. त्याला सोमवार नाही, सण नाही, संध्याकाळ नाही. त्या आकड्याचा माणसांना वाचता येईल असा मजकूर करणं हे माझं काम. ‘काल’, ‘तासाभरापूर्वी’, ‘पुढच्या मंगळवारी’ असं तुमच्या फोनवर दिसतं ना, ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं, फोनला मराठी येतं. फोनला कप्पाळ येतं!

पगाराचं काम इंग्रजीत. पण तारखा आणि वेळा शब्दांत मांडणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जगभरचे प्रोग्रामर फुकट वापरतात. तिच्यातला मराठीचा भाग बेवारस पडला होता, तो मी अंगावर घेतला. “घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं,” असं नवरा म्हणाला. म्हणू दे. नायगावला आमच्या खाडीकडच्या खिडकीशी बसून मी रविवारी ‘मिनिटांपूर्वी’ आणि ‘मिनिटांनी’ दुरुस्त करते, आणि मला त्यात खरोखर आनंद होतो.

आई गावी, वटारला असते. बाबा गेल्यावर वाडी तिच्या एकटीच्या अंगावर आली. भावाचं म्हणणं, वाडी पुरे झाली, आता आचोळ्याला माझ्या फ्लॅटवर येऊन राहा. आई म्हणाली, “एक हंगाम करून बघते. जमलं नाय तर येते तुझ्याकडं.” भाऊ वाईट नाही, पण आईला बाल्कनीत बसवलेलं मला डोळ्यांसमोर आणवेना. वाडीतल्या विहिरीपाशी ती जशी चालते तशी दुसरीकडे कुठे चालत नाही.

आई आणि शेजारच्या दोन काकू मिळून लाल माठ, मुळा, अळू लावतात. दुपारनंतर भाजी काढायची, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि रात्री टेम्पोत चढवून मुंबईच्या बाजारात पाठवायच्या. टेम्पोवाला साताऱ्याकडचा, प्रामाणिक पण तिरसट. त्याची यायची वेळ रोज बदलायची, आणि तिघींना फोन करता करता तो वैतागायचा. म्हणून मी एक सोय करून दिली. त्यानं आपल्या फोनवर वेळ टाकायची, तिघींना मराठीत निरोप जायचा. निरोपातले शब्द अर्थातच माझ्या लाडक्या लायब्ररीतून. तीन बायका आपलं मराठी वाचून भाजी बांधतात, या कल्पनेनं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आणि मग एका बुधवारी निरोप गेला: ‘टेम्पो उद्या रात्री २ वाजता येईल.’

बुधवारी दुपारी वाचला तिघींनी. उद्या रात्री म्हणजे गुरुवारी रात्री. आज घाई कशाला? भाजी वाफ्यातच राहिली, तिघी जेवून झोपल्या. टेम्पो मात्र त्याच रात्री दोनला आला, कारण बारा वाजून गेले की कॅलेंडरात गुरुवार लागतो. त्यानं हॉर्न वाजवला, कुत्री भुंकली, आणि कुणीच येईना तेव्हा तो रिकामाच निघून गेला. सकाळी त्याचा मला फोन. “मॅडम, डिझेल काय फुकट येतं का? मावशींना मी मानतो, पण अजून एकदा असं झालं ना, तर मी दुसऱ्या गावचा माल पकडणार. बाद में बोलू नका.”

टेम्पो गेला तर वाडी गेली, एवढं साधं गणित होतं. दुसरा कोणी त्या वेळी त्या आडरस्त्यावर येत नाही. मी सुट्टी टाकून दुपारी वटारला गेले. टेम्पोवाल्यालाही बोलावून घेतलं. ओट्यावर बैठक बसली आणि पहिली पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते.

तो म्हणे, मी वेळ बरोबर टाकली. आई म्हणे, मी बरोबर वाचलं. मी मनातल्या मनात कोड तपासलं, तेही बरोबर. सगळे बरोबर आणि टेम्पो रिकामा! माझं डोकं असं फिरलं, की मी आईवरच ओरडले, “अगं, बारा वाजले की तारीख बदलते!”

“बदलू दे,” आई म्हणाली. “मी झोपून उठल्याबिगर उद्या कसा व्हायचा? तुमच्याकडं होतो काय?”

“आमच्याकडे पन नाय होत,” दोघी काकू म्हणाल्या. टेम्पोवाला हसला. त्याच्याही गावी होत नसे.

मी निरनिराळे मजकूर वाचून दाखवायला लागले. ‘गुरुवारी रात्री २’? तिघींच्या मते ती गुरुवारी जेवून झोपल्यानंतरची रात्र. ‘आज रात्री २’? तिघींना पटलं, पण टेम्पोवाला फोनमधली तारीख दाखवून म्हणाला, आजचे दोन तर कधीच वाजून गेले, मीच उद्या गडबड करीन. मी वैतागून लॅपटॉप मिटला.

“रात्र रात्र काय करतेस गे बाय?” आई म्हणाली. “पहाट म्हन ना. उद्या पहाटे. कोनी चुकनार नाय.”

“दोन वाजता कसली पहाट?”

“मी उठते ना तेव्हा. चूल पेटवते, चहा ठेवते. मग ती रात्र कशी?”

मी टेम्पोवाल्याकडे बघितलं. “उद्या पहाटे दोन,” तो स्वतःशीच पुटपुटला. “हां, चालेल. आज रात्री निघायचं.” ‘उद्या पहाटे’ म्हटल्यावर कुणाच्या मनात दुसरी कुठली पहाट येतच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी आले होते.

लायब्ररीत नियम होता, चार वाजेपर्यंत रात्र. मी तो बदलून पाठवला. ती अख्खी लायब्ररी सांभाळणारा गृहस्थ कुठल्यातरी थंड देशातला. त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं, तुमच्याकडे दोन वाजता सूर्य उगवतो का? मी चिडून लिहिलं, सूर्याला बाजारात जायचं नसतं, माझ्या आईला असतं. मग ते खोडलं, आणि आमची माणसं दिवस कुठून मोजतात ते शांतपणे समजावलं. त्याचं उत्तर आलं. सगळ्या मराठी वापरणाऱ्यांसाठी नियम बदलता येणार नाही, पण पहाट कधी सुरू होते हे ज्याचं त्याला ठरवता येईल अशी सोय करूया. ती करताना त्यानं मला चार शंका विचारल्या, चारही रास्त होत्या. मला तो माणूस आवडला.

आमच्या टेम्पोसाठी पहाट दोनला ठरवली. दुपारी निरोप गेला: ‘टेम्पो उद्या पहाटे २ वाजता येईल.’ तरी मला धाकधूक होतीच. सकाळी मी डबा भरत होते तेव्हा आईचा फोन आला. मागे नुसता गलका.

“कुठे आहेस तू?”

“बाजारात. टेम्पोत बसून आले. जरा बघावं म्हटलं, आपली भाजी कुठं जाते ती.”

“आई! आणि टेम्पो वेळेवर आला?”

“आम्ही आदीच वाटेवर उभ्या होतो. भाजी गेली सगळी. आता ऐक, हितं बियानाचं दुकान हाय. मुळ्याचं नि माठाचं घेते मी. पुढल्या हंगामाचं.”

मला एकदम रडूच आलं. पोळी हातातच राहिली.

“दादाला सांगितलंस?” मी विचारलं.

“तू सांग,” आई म्हणाली. “तुला काय, निरोप धाडायची सवय हाय.” आणि ती घासाघीस करायला गेली, फोन चालूच ठेवून.