दोन गोळ्या आणि ढील

माझ्या सासऱ्यांइतका काटकसरी सैनिक दुसऱ्या महायुद्धात कुठल्याच बाजूला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि माझ्याइतका उधळ्या नव्हता, हे ते सांगतात. युद्ध चालायचं आमच्या कोल्हापूरच्या घरातल्या टीव्हीवर. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, पेशा भूगोलाच्या मास्तराचा. तरी रोज दुपारी शाळेतून आलो की मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर धरून शत्रूवर तुटून पडायचो. त्यात मला सगळ्यात वजनदार, आपोआप गोळ्या ओकणारी रायफलच लागे. तिच्यात गोळ्या वीसच. मी घोडा दाबला की सोडायचोच नाही. नळी वर वर जायची, पहिली गोळी भिंतीला, शेवटची ढगाला, आणि मी नवी पेटी भरत असताना कुणीतरी येऊन मला निवांत मारून जायचं.

सासरे कोडोलीचे. उभा जन्म म्हशींच्या धारा काढण्यात गेलेला. गेल्या थंडीत त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं आणि उपचारासाठी ते आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं टीव्हीमागं भिरकावला. "ल्हान पोर हाय व्हय मी?" खरं तर त्यांना घोर होता चंद्रीचा. ही त्यांची लाडकी म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हाच सोडत नव्हती. सासूबाई बसल्या, लाथ. शेजारी बसला, लाथ. अशीच आटली तर विकून टाकायची असं ठरलं होतं, आणि महिनाअखेरीस व्यापारी बघायला येणार होता. तोवर हात चालला तरच चंद्री गोठ्यात राहणार होती.

एक दिवस मी ओळीनं नऊ वेळा मेलो. मागून आवाज आला, "पावणं, पाखरं मारतायसा व्हय?" आता जावयाचा मान म्हणून काही असतो की नाही! मी तणतणत कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला. त्यांचं बोट घोड्यावर नुसतं थरथरलं. मी मनातल्या मनात खूश झालो, हे सांगायला आज लाज वाटते. पण ते चेंडूला कंटाळले होते, घोड्याला नाही. आठवड्याभरात स्वारीनं शिपाई गवतात पालथा झोपवला, बंदूक तिच्या दोन पायांवर टेकवली आणि दोन गोळ्या झाडल्या. थांबले. पुन्हा दोन. नळी जागची हलली नाही. पेटीत सहा गोळ्या शिल्लक असतानाच भिंतीआड जाऊन त्यांनी नवी भरली.

"अवो, म्हस आन ही बंदूक एकच," ते म्हणाले. "दोन धारा घ्या, ढील द्या. सगळं एकदम मागाय गेलासा की लाथ बसती."

लढाईला बसताना ते चपला काढून, टोपी सारखी करून बसत. पळणाऱ्या शत्रूवर गोळी झाडत नसत, "पाठ फिरवलीया, जाऊ दे की त्याला." आणि संध्याकाळचे पाच वाजले की, आपली बाजू जिंकत असो वा मरत असो, युद्ध तसंच टाकून ते उठत आणि कोडोलीला फोन लावत. "चंद्रीनं किती दिलं?" पलीकडून सासूबाई सांगत, "तांब्याभर. आन एक लाथ." मग ते उजव्या हाताची बोटं मिटत, उघडत.

महिनाअखेरीस आम्ही कोडोलीला गेलो. व्यापारी अंगणात चहा पीत बसलेला. सासरे चंद्रीखाली बसले, चरवी गुडघ्यात धरली. दोन धारा. ढील. दोन धारा. अर्धी चरवी झाली आणि बोटं थांबली. वळेचनात.

"पावणं, या हिकडं. बसा."

"मी? अहो मामा, मारेल ती मला!"

"तुमास्नी मरायची सवं हाय की."

मी बसलो. त्यांनी एक हात चंद्रीच्या पाठीवर ठेवला, थकलेला माझ्या हातावर. आयुष्यात पहिल्यांदा मी घोडा दाबून धरला नाही. दोन धारा, ढील. चंद्रीनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि पान्हा सोडला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. व्यापारी चहा संपवून उठला आणि म्हैस न घेताच गेला.

आता सासरे कोडोलीलाच असतात. धार सासूबाई काढतात, ते शेजारी बसून, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून "ढील दे, ढील" म्हणतात. मी अजून खेळतो, पेटी संपायच्या आत भिंतीआड जातो, क्वचित जिंकतोही. पण "पाखरं मारतायसा व्हय" म्हणणारं मागं कुणी नसतं, आणि जिंकल्याचं फारसं काही वाटत नाही. पाच वाजले की मी चालू लढाईत शिपायाला गवतात झोपवून उठतो आणि फोन लावतो.

"मामा, चंद्रीनं किती दिलं?"