ओगवेनोच्या थडग्यावरची तारीख

माझा चुलतभाऊ ओगवेनो, त्याला मी माझ्या हातानं पुरलंय. म्हणजे त्याला नाही, त्याच्या नावानं यागोच्या झाडाचं हातभर लांब फळ. प्रेत मिळालं नाही की आम्ही लुओ जमातीची माणसं असंच करतो. दरोड्यात धरला, फाशी गेला, असं कुणीतरी बाजारात सांगितलं आणि आम्ही मूर्खांनी माना डोलावल्या. अरे, फाशी सुनावली होती, दिली नव्हती! मेल्याचा दिवस ठाऊक नव्हता, म्हणून क्रूसावर मी पोलिसांनी नेल्याचा दिवस कोरला: ३ फेब्रुवारी १९९८.

त्या तारखेनंतर एकवीस वर्षांनी एक वकीलबाई गावात आली.

"ओगवेनो जिवंत आहे," ती म्हणाली. "फाशी रद्द होऊन वीस वर्षांची शिक्षा झालीय. खटल्याआधीची चार वर्षं कोठडी धरली तर आज सुटेल. नाहीतर अजून तीन वर्षं."

"मग धरा की! अडलंय कुठं?"

"घटनेनं हक्क दिलाय हो. पण फाइल हरवलीय. अटकेची तारीख कुठंच नाही."

त्याची आई, अपोंडी काकू, ऐंशीच्या पुढची, आंधळी. ती कुठली तीन वर्षं काढतेय! मी सरळ जाऊन क्रूस उपटला.

"माझ्या पोराचा क्रूस कुठं नेतोस, मेल्या?"

"तुझं पोर जिवंत आहे, काकू. त्यालाच आणतो."

"वेडा आहेस. रोज सकाळी मी त्याला जेवू घालते."

कोर्टात ओगवेनोनं स्वतःच्या थडग्यावरचं नाव वाचलं आणि कठडा घट्ट धरला. जजसाहेबांनी तारखेवरून बोट फिरवलं, चारही वर्षं धरली. तो सुटला.

घरी काकूनं त्याचा चेहरा चाचपला. "भला माणूस वाटतोस. माझ्या ओगवेनोबरोबर होतास का तुरुंगात?"

"आई, मीच गं."

"असं बोलू नये, बाबा. तो ऐकतोय."

ती चाचपडत थडग्याच्या मातीच्या ढिगाऱ्याशी गेली, मक्याच्या पिठाची उगाली आणि मासे ठेवले. इतकी वर्षं ते ताट तसंच वाळायचं, कुत्रीसुद्धा शिवत नसत. ओगवेनो ढिगाऱ्यावर बसला आणि रडत रडत सगळं जेवला.

काकूनं रिकामं ताट चाचपलं. "अगं बाई! ऐकलंस का रे? आज जेवला माझा ओगवेनो!"

तेव्हापासून तो रोज सकाळी तिथंच बसून जेवतो. जेवताना बोलत मात्र नाही, ती घाबरेल म्हणून.